तोही तेच म्हणतोय

“सिनेमा इंग्रजी आहे,” पतंगे दारातूनच म्हणाले, “पण हसण्यासारखा आहे. रविवारी सकाळी दहाला. दोघी या.”

त्यांनी दोन पास पुढे केले ते ताईच्या दिशेने, पण बघत होते ते आमच्या रेडिओकडे. ताईने पदराला हात पुसून पास घेतले, आणि ती बघत होती उंबऱ्याकडे. तेहेतीस वर्षांची बाई, चाळिशीला टेकलेला बाप्या, आणि दोघांनाही एकमेकांच्या तोंडाकडे बघायची चोरी! मी खाटेशी बसून आबांना पेज भरवत होते. म्हणजे चमचा आबांच्या तोंडाशी होता आणि कान दाराशी.

“मला कुठलं मेलं इंग्रजी,” ताई म्हणाली.

“हेमाताई आहेत की. त्या सांगतील कानात.” पतंग्यांनी चप्पल काढली, पुन्हा घातली, आणि आवाज इतका खाली आणला की मला पेज थांबवावी लागली. “शालनबाई, शेवटी लिफ्टमध्ये तो त्या बाईला जे बोलतो ना, ते माझं म्हणणं समजा. मला असलं बोलायला जमायचं नाही. अर्थ मी मॅनेजरसाहेबांकडून नीट समजून घेतलाय. तीनदा विचारला.”

ताईने पास पदराच्या टोकाला बांधले.

“खेळ संपला की राष्ट्रगीत होतं. मग लोक जातात. तुम्ही परत खाली बसलात, तर मी केबिनमधून खाली येईन. येऊन शेजारी बसेन, आणि मग दोघं मिळून आबांकडे येऊ. आणि निघून गेलात तर...” ते थांबले. “तर काय, रेडिओ कुणीही दुरुस्त करतं.”

ते गेले. आबांनी चमच्याला दात लावून मला भानावर आणलं. उजवी बाजू लुळी पडल्यापासून त्यांचं रागावणं असंच असायचं.

ही सदुसष्ट सालातल्या फाल्गुनातली गोष्ट. आम्ही देवळाली कॅम्पात राहायचो. आबा लष्कराच्या कचेरीत हेडक्लार्क होते, तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने खाटेला खिळले. आई मी दोन वर्षांची असताना गेली. ताई तेव्हा तेरा वर्षांची. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि तिने मला वाढवलं. मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, ते सगळं तिच्या जिवावर. लोक म्हणायचे, ताई नाही, आईच आहे. मलाही तसंच वाटायचं, आणि आईला पुन्हा लग्न करावंसं वाटेल हे कुठल्या मुलीच्या डोक्यात येतं?

रघुवीर पतंगे कॅम्पातल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, वरच्या केबिनमधून सिनेमा दाखवायचे. फावल्या वेळात रेडिओ दुरुस्त करायचे. आमचा रेडिओ महिन्यातून एकदा बिघडायचा, आणि आबांना रेडिओवाचून दुसरा उद्योग नसल्यामुळे पतंग्यांना बोलावणं जायचं. ते यायचे, तास दीड तास उघडून बसायचे, ताईने केलेला चहा प्यायचे. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माणूस सरळ होता. ते जातीने शिंपी आणि आम्ही ब्राह्मण, एवढंच काय ते मध्ये. पण त्या दिवसांत ते ‘एवढंच’ पुष्कळ होतं.

आणि मध्ये मी होते.

माघात माझा साखरपुडा झाला होता, नाशिकच्या दातारांकडे. मुलगा वकील, दिसायला चांगला, आणि मला तो आवडला होता. हे मी लपवत नाही. त्याच्या आईने बघायला आल्यावर पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं होतं, “मोठीचं का राहिलं?” आबांना बोलता येत नव्हतं, ताईच म्हणाली, “घरच्या अडचणी.” त्यावर त्या म्हणाल्या, “नाही, घरात काही भानगड नसली म्हणजे झालं.” ताई हसली होती. हे स्थळ आणलं होतं मुलाच्या मावशीने, गोदूमावशींनी. त्या कॅम्पातच दोन गल्ल्या सोडून राहायच्या, आणि त्यांच्या कानावर पडलेलं संध्याकाळच्या आत नाशकात पोचायचं. लग्न वैशाखात ठरलं होतं. दोन महिने राहिले होते.

शनिवारी दुपारी ताई माझ्या वेणीला तेल लावत बसली होती. मधेच तिचा हात थांबला.

“हेमू, मी जाऊ ना गं उद्या?”

“जा की. फुकटचा सिनेमा कोण सोडतं!”

“थट्टा नको.” तिने वेणीचा पेड ओढला. “मला एकच बघायचंय. आबांचं काय करायचं म्हणतो तो. आबांना टाकून मला कुणी इंद्राने बोलावलं तरी जायचं नाही. तेवढं एक कळलं की झालं. बाकी मला काही विचारायचं नाही.”

“मग सरळ त्यांनाच विचार.”

“शी! असं कुणी विचारतं?” मग वेणी बांधता बांधता, “तू नीट सांगशील ना? काही गाळू नकोस.”

“परीक्षेला बसल्यासारखी सांगेन,” मी म्हणाले.

रविवारी शेजारच्या मथुराबाईंना आबांपाशी बसवून आम्ही निघालो. ताई अंजिरी रंगाचं पातळ नेसली होती, माझ्या साखरपुड्यात नेसलेलं. रस्त्याने ती माझ्यापेक्षा दोन पावलं पुढेच चालत होती. मी म्हणाले, “अगं, सिनेमा पळून नाही जात,” तर लहान मुलीसारखी लाजली.

टॉकीजमध्ये शिरून आम्ही बसलो आणि मी मागे वळून बघितलं. आमच्या मागे दोन रांगा सोडून गोदूमावशी बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्या दर रविवारी तिथल्या पंख्यांसाठी यायच्या.

“काय गं हेमलते, आज दोघी?” त्यांनी मागून विचारलं.

“पास मिळाले,” ताईने भाबडेपणाने सांगितलं.

“कुणी दिले?”

तेवढ्यात दिवे गेले.

मला तोवर वाटत होतं, ही ताईची गोष्ट आहे. अंधारात बसल्यावर लख्ख कळलं की ही माझीही आहे. खेळ संपेल, दिवे लागतील, अर्धा कॅम्प दाराकडे निघालेला असेल, गोदूमावशी वळून बघतील, आणि एक शिंपी ऑपरेटर येऊन माझ्या बहिणीशेजारी बसेल. संध्याकाळी नाशकात बातमी. सोमवारी साखरपुड्याची साडी परत.

सिनेमा काळापांढरा होता, पंधरावीस वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला. दहा मजली इमारत, आठव्या मजल्यावर एक घर. त्या घरात चाकाच्या खुर्चीतला चिडका म्हातारा बाप, दोन आयतोबा काका, एक शिवराळ पोपट, आणि या सगळ्यांना सांभाळणारी एक मुलगी. मुलगी म्हणजे लग्नाचं वय उलटत चाललेली. इमारतीची लिफ्ट सारखी बिघडते आणि दुरुस्तीला एक मेकॅनिक येतो.

“लिफ्ट म्हणजे?” ताईने कानात विचारलं.

“वर-खाली जाणारी खोली. जिने चढायला नकोत म्हणून.”

मेकॅनिक लिफ्ट दुरुस्त करतो, हत्यारं पेटीत भरतो, इकडेतिकडे बघतो आणि जाता जाता एक स्क्रू हळूच ढिला करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. सगळं टॉकीज हसलं. ताई आधी हसली नाही. मग तिने माझा दंड घट्ट पकडला.

“हेमू! अगं, आपला रेडिओ!”

आणि ती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिला असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तिला हसताना बघून मीही हसले, आणि तेवढा वेळ खरंच विसरले की मागे कोण बसलंय.

त्या मुलीला एक श्रीमंत स्थळ येतं. बँकवाला, टक्कल पडत चाललेला, हातात फुलांचा हा एवढा गुच्छ. लिफ्ट बंद म्हणून तो आठ मजले चढून येतो आणि दारात पोचेपर्यंत गुच्छाच्या नुसत्या काड्या उरतात. पुन्हा हशा. धापा टाकतच तो तिला मागणी घालतो.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, बापाला एखाद्या आश्रमात ठेवू, काकांचं काका बघतील. तू एकटी ये.”

ताईच्या तोंडावरचं हसू गेलं. “मेला,” ती म्हणाली. मी इथवर सगळं खरं सांगितलं होतं. एक वाक्य गाळलं नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. रविवारच्या खेळाला घरंदाज बायका येत, म्हणून टॉकीजच्या मालकांनी एक नियम केला होता. पडद्यावर चुंबन आलं की ऑपरेटरने भिंगासमोर पुठ्ठा धरायचा. पडदा काळा व्हायचा, आवाज चालू राहायचा, पुढचे शिपाईगडी शिट्ट्या मारायचे, “ए, पुठ्ठा काढ!” असं ओरडायचे. पतंगे चांगले कसबी होते. नेमका मुका तेवढा झाकायचे, एक क्षण इकडे नाही की तिकडे नाही. कॅम्पात त्याचं कौतुक होतं.

शेवटचा प्रसंग आला. मुलगी आणि मेकॅनिक लिफ्टमध्ये, आणि लिफ्ट मधेच अडकलेली. पडद्यावर फक्त दोन चेहरे, अगदी जवळ. हसणं नाही, धावपळ नाही, नुसतं बोलणं. ताईने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

तो म्हणत होता: मला दोन खोल्यांचं घर मिळालंय, तळमजल्यावर. तुझ्या बाबांची खुर्ची सरळ आत जाईल, मी मोजून आलोय. त्यांना घेऊन ये. काकांना आण. पोपटालाही आण, मला शिव्यांची सवय आहे. मला तू तुझ्या माणसांतून तोडून नकोय. मी तुम्हा सगळ्यांनाच मागतोय.

मला प्रत्येक शब्द कळला. माझं इंग्रजी त्या दिवशी जितकं चांगलं होतं तितकं पुढे तीस वर्षं शिकवूनही झालं नाही. ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, हा माणूस काय म्हणतोय! आबांना घेऊन या म्हणतोय! ताईला जे एक हवं होतं, नेमकं तेच. पतंग्यांनी तीनदा अर्थ विचारून घेतला होता तो यासाठी.

“हेमू, काय म्हणतो? सांग ना.”

पडद्यावर ती मुलगी रडायला लागली होती. मागून गोदूमावशी खोकल्या.

“तोही तेच म्हणतोय, ताई,” मी म्हणाले.

“तेच म्हणजे?”

“बापाला सोडून ये. त्या बँकवाल्यासारखंच.”

आणि पडदा काळा झाला. पतंग्यांनी पुठ्ठा धरला होता. अंधारात त्या मुलीचं बोलणं ऐकू आलं. तिने म्हटलं, आता लिफ्ट दुरुस्त नाही केलीस तरी चालेल. मग ती रडत रडत हसली आणि वाद्यं वाजू लागली. शिट्ट्या सुरू झाल्या. पुठ्ठा निघेना.

“काय म्हणाली ती?” ताईने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

“नको म्हणाली.”

पुठ्ठा निघाला तेव्हा पडद्यावर एकट्या त्या मुलीचा चेहरा होता, डोळ्यांतून धारा लागलेल्या. मग समाप्तीची अक्षरं. ताईने ते रडणं नीट बघून घेतलं. तिला त्यात काही खोटं दिसण्याचं कारण नव्हतं.

राष्ट्रगीत सुरू झालं. आम्ही उभ्या राहिलो. शेवटच्या ओळीपर्यंत मला वाटत होतं, आता सांगावं, अजून वेळ आहे, दोन शब्द सांगायचेत. राष्ट्रगीत संपलं. खुर्च्या खडखडल्या. ताई उभीच होती. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, मान वळवून वरच्या केबिनच्या चौकोनी खिडकीकडे एकदा बघितलं आणि दाराकडे चालायला लागली.

“छान होता नाही सिनेमा?” बाहेर गोदूमावशी म्हणाल्या.

“हो,” ताई म्हणाली. “फार हसले मी.”

मी ताईला सांगू शकले असते की दोन महिने थांब, माझं लग्न होऊ दे. ती थांबली असती. तिने तेरा वर्षांची असल्यापासून माझ्यासाठी दुसरं काय केलं होतं? हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आले. तेही खोटं. सुचलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की मला तिची लाज वाटते. आणि मला तिच्यासमोर चांगलं राहायचं होतं.

आठ दिवसांनी बसस्टॉपवर पतंगे भेटले. भर दुपारची वेळ, दुसरं कुणी नव्हतं. दाढी वाढलेली.

“हेमाताई, एक विचारू? रागावू नका.” ते रस्त्याकडे बघत म्हणाले. “तुम्ही त्यांना नीट सांगितलंत ना? शेवटचं?”

मी परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ताठ उभी राहिले.

“शब्दन् शब्द.”

“मग ठीक आहे.” त्यांनी मान हलवली. “नाही, मला वाटलं, पुठ्ठा मी जरा लवकर धरला. आणि काढलाही उशिरा. मुका एवढासाच आहे खरं तर. पण त्या खाली बसलेल्या. त्यांच्या देखत बरं नाही दिसलं मला. वाटलं, कदाचित त्यामुळे काही कळायचं राहिलं असेल.”

“नाही. सगळं कळलं.”

“मग ठीक आहे,” ते पुन्हा म्हणाले. “आबांना नमस्कार सांगा.”

त्यांनी इतर बायकांसमोर धरायचे तसा नेमका पुठ्ठा धरला असता, तर ती मुलगी त्याच्या गळ्यात पडताना ताईला दिसली असती, आणि माझं खोटं जागच्या जागी पडलं असतं. त्या माणसाने भिडेपोटी तेवढं झाकलं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

वैशाखात माझं लग्न झालं. ताईनेच मला सासरी पाठवताना रडू नको म्हणून दटावलं. मी ठरवलं होतं, मंगळागौरीला माहेरी येईन तेव्हा सगळं सांगून टाकायचं. त्याप्रमाणे श्रावणात आले, आणि आधी टॉकीजवर गेले. पतंग्यांना गाठून मीच माफी मागणार होते. बुकिंगवरचा माणूस म्हणाला, “पतंगे? ते ज्येष्ठातच गेले की धुळ्याला. बहिणीने लग्न लावून दिलं त्यांचं.”

मी घरी आले. ताईने पुरण घातलं होतं. मी जेवले आणि सासरी परत गेले.

आबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. ताईने त्यांचं सगळं केलं, एकदाही तोंड वाकडं न करता. मला दोन मुलं झाली. सुट्टीत आम्ही कॅम्पात जायचो. मुलं ताईला मोठी आई म्हणायची.

आबांचं तेरावं झालं, पाहुणे गेले, त्या दुपारची गोष्ट. ताई आबांच्या रिकाम्या खाटेवर बसून त्यांची धोतरं घड्या करून ठेवत होती. बेचाळीस वर्षांची, पण केस अर्धे पांढरे झाले होते.

“हेमू, एक सांगू?” ती म्हणाली. “मी कधी बोलले नाही तुला. पतंग्यांची आठवण यायची मला. पहिली दोनतीन वर्षं तर रोज. पण एक समाधान होतं बघ. आबांना टाकून ये म्हणणाऱ्याकडे मी गेले नाही. त्या सिनेमातल्या मुलीनेही तेच केलं होतं. चुकलं नाही ना माझं?”

मी हो ला हो मिळवून मोकळी होऊ शकले असते. तिला तेवढंच हवं होतं. आणि कदाचित तेच दयाळूपणाचं झालं असतं. मला अजूनही नक्की ठरवता येत नाही. पण नऊ वर्षं त्या चांगल्या माणसाला ती हलका समजत होती, आणि मला ते आता एक क्षणही सहन होईना.

“ताई, तो तसं म्हणाला नव्हता,” मी म्हणाले.

“कोण?”

“तो लिफ्टवाला. मी खोटं सांगितलं तुला. गोदूमावशी मागे बसल्या होत्या. माझं लग्न मोडेल म्हणून मी खोटं सांगितलं.”

तिच्या हातातलं धोतर तसंच राहिलं. बाहेर माझी मुलं अंगणात भांडत होती.

“मग काय म्हणाला होता?” तिने विचारलं.

मी सांगितलं.

“पुन्हा सांग. नीट सांग.”

मी पुन्हा सांगितलं. तळमजल्यावरचं घर, दोन खोल्या, खुर्ची सरळ आत जाईल, मी मोजून आलोय. काकांना आण. पोपटालाही आण. मी तुम्हा सगळ्यांनाच मागतोय. ती माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होती. पोपटाशी आल्यावर ती हसली, खरंच हसली, आणि मग ते हसू तिला आवरेना आणि ते हसू राहिलं नाही. मी तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. तिने मला दूर केलं नाही. जवळही घेतलं नाही.

“आणि ती?” तिने विचारलं. “ती काय म्हणाली?”

“हो म्हणाली, ताई.”

ताईने डोळे पुसले. अर्धवट राहिलेली घडी पुरी केली.

“पोरांना आत बोलाव,” ती म्हणाली. “उन्हात आहेत.”

तिने मला एका शब्दाने दूषण दिलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. दिवाळीला लाडूंचा डबा यायचा, मुलांच्या वाढदिवसाला पत्र यायचं. माझ्या नवऱ्याच्या दुखण्यात ती दोन महिने माझ्याकडे येऊन राहिली आणि माझं घर सांभाळलं. कुणी म्हणेल, मग झालं तर. मलाही वाटायला लागलं होतं की झालं.

शेवटी शेवटी तिची तब्येत ढासळली. मी तिला नाशकात माझ्याकडे आणलं होतं. एके दिवशी सकाळी एका दवाखान्यात तपासणीचा निकाल घ्यायला गेलो. चौसष्ट वर्षांची ताई बाकावर मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कडेवर मूल घेतलेली एक अनोळखी तरुण बाई. नर्सने पाकीट ताईच्या हातात दिलं आणि म्हणाली, डॉक्टरांना अर्धा तास लागेल. ताईने कागद बाहेर काढला. सगळं इंग्रजीत होतं. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. मी सवयीने चष्मा लावला आणि हात पुढे केला.

ताईने माझ्या हाताकडे बघितलं. मग ती दुसऱ्या बाजूला वळली.

“बाई, जरा एवढं वाचून सांगता का?” ती त्या तरुणीला म्हणाली. “मला इंग्रजी येत नाही.”

ती मुलगी गोंधळली. तिने माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे पाहिलं. मग मूल मांडीवर बसवून अडखळत वाचायला लागली आणि तिला जमेल तसा अर्थ सांगायला लागली. मला तो कागद तिरका दिसत होता. तिचे दोन शब्द चुकले. मी काही बोलले नाही. निकाल वाईट होता, आणि तो माझ्या बहिणीने परक्या तोंडून ऐकला.

“सगळं सांगितलंत ना?” ताईने विचारलं. “काही गाळलं नाहीत ना?”

“नाही हो आजी. जेवढं मला कळलं तेवढं सगळं सांगितलं.”

“बरं,” ताई म्हणाली. तिने कागद घडी करून पाकिटात घातला आणि पाकीट आपल्या पिशवीत ठेवलं. डॉक्टरांनी आत बोलावलं, तेव्हा उठताना तिने आधाराला माझाच हात धरला.